कुणी न मागितलेलं

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून नर्सने नीळकंठरावांना बाकावर बसवलं आणि "आजोबा, डोळे मिटून बसा, बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो," असं सांगून ती निघून गेली. आजोबा म्हटलेलं त्यांना आवडलं नाही, पण हल्ली ते असल्या गोष्टींवरून कुणाला काही बोलत नसत. पाटबंधारे खात्यात होते तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा त्यांच्या खोलीचं दार ढकलण्याआधी शिपाई कानोसा घ्यायचा, आणि आत फाईल आपटल्याचा आवाज आला तर भेटायला आलेल्याला 'उद्या या' म्हणून परस्पर वाटेला लावायचा. रणवरेसाहेब म्हणजे जमदग्नीचा अवतार, असं अख्ख्या डाव्या कालव्यावर बोललं जायचं आणि ते त्यांच्या कानावर यायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. निवृत्तीनंतर तो राग गेला. कुठे गेला कुणास ठाऊक, पण गेला. आता भाजीवाल्याने सडका टोमॅटो पिशवीत टाकला तरी ते नुसता बाजूला काढून ठेवत. दवाखान्यात सोमवारची गर्दी होती. मिटल्या डोळ्यांनी त्यांना स्पिरिटचा वास येत होता, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा येत होता, आणि आपण एक बरा म्हातारा झालो आहोत या विचाराने ते सुखात बसले होते.

"तुमी रणवरेसाहेब न्हवं? यशोदाताईंचे मालक?"

त्यांनी डोळे उघडले. समोर हिरव्या लुगड्याचा एक धब्बा होता, वर सावळा चेहरा, त्यावर नाक-डोळे काही नाहीत. ओळख लागत नाही असं त्यांनी सांगितलं. "कशी लागंल? तुमी मला कवा बघितलंयच न्हाय. पर आमी तुमाला रोज बघतो की. ठमाबाई अक्कांच्या भितीवर फोटू हाय तुमचा. मी प्रयागबाई, इंदापूरची. मोतीबिंदू काढायला आलीया." ठमाबाई म्हणजे यशोदेची थोरली बहीण. अंगावरून वारं गेल्यापासून इंदापुरात बाजेवर पडून असते, आणि यशोदा दर गुरुवारी एसटीने तिच्याकडे जाते, तिला न्हाऊ-माखू घालते आणि संध्याकाळी परत येते. हे सगळं नीळकंठरावांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते प्रयागबाईने पुढच्या पाच मिनिटांत, शेजारी बसून, अगदी आपुलकीने सांगितलं. गुरुवारी ठमाबाईच्या खोलीत प्रार्थना असते. अक्का आजारी पडल्या तेव्हा प्रयागबाई आणि तिच्या बरोबरच्या बायका येऊन येशूच्या नावाने प्रार्थना करून गेल्या, अक्कांच्या हातात थोडा जीव आला, तेव्हापासून दर गुरुवारी सगळ्या तिथेच जमतात. यशोदाताई पण बसतात. आणि प्रत्येक गुरुवारी, कितीतरी वर्षं, त्या खोलीत रणवरेसाहेबांसाठी मागणं होत आलं आहे.

"माझ्यासाठी? मला काय झालं होतं?"

"रागाचा आजार व्हता न्हवं तुमाला," प्रयागबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "सूनबाईला लगनाच्या दिशी तुमी काय बोलला, ते अक्का सांगायच्या अन् रडायच्या. जाऊ द्या, झालं गेलं. तुमी पोराला फोन केला तवा अक्कांनी साक्ष दिली, देवानं मागणं ऐकलं म्हनून समद्यांम्होरं सांगितलं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या बघा. शुभवर्तमानात हायच की, माणूस बी टाकतो अन् घरला जातो. रातच्याला निजतो, सकाळच्याला उठतो. बी आपलं वाढतंया, कसं वाढतंया त्ये त्याला कुठं कळतंया? आधी पात, मग कणीस, मग कणसात दाना. आमी बी तसंच. तुमचं नाव टाकलं अन् निजलो-उठलो. आता बघा, दाना भरला." आणि तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला, भरलेलं कणीस चाचपून बघावं तसा. तेवढ्यात नर्सने त्यांचं नाव पुकारलं.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. रिक्षात बसल्यावर बारामतीचे रुंद रस्ते, दुभाजकावरची झाडं, दुकानांच्या पाट्या, सगळं पांढऱ्या उजेडात विरघळून गेलं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. औषधाचंच. साक्ष दिली, टाळ्या वाजवल्या. एका अंधाऱ्या खोलीत, ज्या खोलीत ते स्वतः उभ्या आयुष्यात चार-दोन वेळा गेले असतील, बाजेभोवती बसलेल्या दहा-बारा अनोळखी बायकांनी त्यांच्या नावाने टाळ्या वाजवल्या. शाळेत एखादं मठ्ठ पोर पास झाल्यावर वाजवतात तशा. आणि त्या बायकांना ते वाक्यही माहीत होतं. अनयच्या लग्नाच्या दिवशी पुण्याच्या नोंदणी कचेरीबाहेर, वैदेही दोन वर्षांच्या ओवीला कडेवर घेऊन उभी असताना नीळकंठराव म्हणाले होते, "उष्टं ताट माझ्या घरात आणायचं नाही." वैदेहीचं आधीचं लग्न मोडलेलं. ओवी त्या लग्नातली. वाक्य बोलून ते गाडीत बसले होते, आणि गाडी हडपसरच्या पुढे येईपर्यंत यशोदा एक अक्षर बोलली नव्हती. पुढे बोलली ती 'पाणी देऊ का' एवढंच. त्यानंतरची वर्षं घरात अनयचं नाव निघालं नाही. ते वाक्य चार माणसांनी ऐकलं होतं आणि चौघांतच राहिलं आहे अशी त्यांची समजूत होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं.

घरी आल्यावर यशोदेने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" "काही नाही," ते म्हणाले. तिने ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथी, वर कच्चा कांदा. डोळे अजून निवळले नव्हते, त्यामुळे समोर बसलेली बायको त्यांना नीट दिसत नव्हती, आणि त्यांच्या मनात आलं की ही मला नीट कधी दिसली आहे? या घरात देवधर्माचं तीच बघायची. सकाळी देवापुढे दिवा लावायची, गणपतीत मोदक करायची, चतुर्थीला मोरगावला जाऊन यायची. आजही दिवा लावलेला होता, तेलाचा वास येत होता. मग गुरुवारी इंदापुरात ती कुणापुढे डोळे मिटते? तिने धर्म सोडला असता, त्यांना तसं तोंडावर सांगितलं असतं, तर ते रागावले असते आणि मग गप्प बसले असते. त्यांना स्वतःला कुठल्याच देवाचं सोयरसुतक नव्हतं, ते स्वतःला सुधारलेला माणूस म्हणवत. धर्माचं काही नव्हतं. मन जळत होतं ते दुसऱ्याच कारणाने. आपल्याला न विचारता आपल्यावर काम चाललं होतं. आपण आपल्या घरात जेवत होतो, झोपत होतो, उठत होतो, आणि तिकडे बायका आपली मशागत करत होत्या.

विचारायचं धैर्य मात्र झालं नाही. ती 'हो' म्हणाली असती, आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यशोदा वामकुक्षीला पडल्यावर त्यांनी फोनवर ती गोष्ट शोधून काढली. मराठीत होती, चार-पाच ओळींची. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि आधी त्यांच्यातला इंजिनिअर रागावला. या गोष्टीत पाणी कुठे आहे? माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, पीक येतं. पाणी कोण सोडतं? तीस वर्षं त्यांनी नीरा डाव्या कालव्याची आवर्तनं सांभाळली होती. कालव्याच्या शेपटाच्या, अगदी टोकाच्या गावांना पाणी पोचावं म्हणून वरच्या गावांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, चारीची दारं रातोरात फोडणाऱ्यांच्या मागे ते स्वतः जीप घेऊन धावले होते. बारामतीचा ऊस काय कुणी झोपून-उठून आणला? पण त्या गोष्टीत कालवा नव्हता, पाण्याची पाळी नव्हती, साहेब नव्हता. तिथे एक बी टाकणारा होता, त्याला काही कळत नव्हतं. आणि एक जमीन होती, ती आपली आपण पीक देत होती. आपली आपण. हे दोन शब्द त्यांनी पुन्हा वाचले. त्यांत त्यांना काहीतरी आपल्या बाजूचं आहेसं वाटलं. वकिलाला कायद्यात एखादी फट सापडावी तसे ते थबकले. जमीन जर आपली आपण देते, तर मग बी टाकणारीने टाळ्या का वाजवाव्यात? पण लगेच दुसरा विचार आला. म्हणजे या गोष्टीत आपण कोण? पेरणारे नव्हे. कापणारे नव्हे. आपण जमीन. जिच्यावर ये-जा करायची, जिच्यात काहीतरी पुरायचं आणि वाट बघायची. तीस वर्षं माणसांना उभं करून झापणारे नीळकंठराव रणवरे म्हणजे ढेकळं. आणि ती फट त्यांनी तशीच सोडून दिली.

जमिनीचं त्यांना कुणी सांगायला नको होतं. जमिनीत लपून काय वाढतं ते त्यांनी या बायकांपेक्षा जास्त पाहिलं होतं. कालव्याच्या काठाकाठाने, निरेच्या खोऱ्यात, पाणी मुबलक झालं तशी माणसं उसाला पाणी देत सुटली. वर हिरवंगार, बघणाऱ्याचे डोळे निवावेत असं. आणि खाली पाझर साठत होता, खारं पाणी इंच इंच वर चढत होतं, कुणाला दिसत नव्हतं. मग एका उन्हाळ्यात वावरात चुन्यासारखं पांढरं फुलायचं, आणि पुढच्या साली तिथे कुसळसुद्धा उगवायचं नाही. सणसरच्या बाजूला एक आबाजी म्हणून शेतकरी होता. त्याने ते पांढरं चिमटीत धरून साहेबांच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. म्हणाला होता, "साहेब, आमी तर पानीच दिलं हो. इख थोडंच दिलं?" तेव्हा साहेबांनी त्याला जास्त पाणी दिल्याबद्दल झापलं होतं. आता त्यांना वाटलं, त्या शुभवर्तमानवाल्याने हे का नाही लिहिलं? माणूस निजतो, उठतो, आणि जमिनीतून मीठ वर येतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी ओल, मग पांढरी रेघ, मग मीठ. ही गोष्ट मनातल्या मनात रचताना त्यांना एक कडवट आनंद झाला. तो पूर्वीच्या रागासारखा ओळखीचा होता, खूप दिवसांनी जुना सदरा सापडावा तसा.

खरी सल वेगळीच होती. अनयला त्यांनी फोन केला ती दुपार. तिचा अभिमान त्यांनी कुणापुढे बोलून दाखवला नव्हता, पण आयुष्यात केलेल्या सगळ्या कामांत ते तिला वर ठेवत. बढत्या साहेबांच्या मर्जीने मिळाल्या होत्या, घर बापाच्या जागेवर बांधलं होतं, लग्न मामाने ठरवलं होतं. तो फोन मात्र त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून केला नव्हता. पेरू खात बसले होते. इंदापूरचाच पेरू, गुलाबी गराचा, यशोदेने गुरुवारी येताना आणलेला. दातात बी अडकली आणि अनय लहानपणी बिया काढून काढून बशीच्या कडेला लावायचा ते आठवलं. एवढंच. काही ठरवलं नव्हतं, रडू आलं नव्हतं. फोन उचलला आणि लावला. तिकडून अनय 'हॅलो, हॅलो' करत राहिला आणि शेवटी हे म्हणाले, "या एकदा. सगळी या." 'सगळी' म्हणायला जड गेलं होतं, पण म्हटलं. मग ती सगळी आली. ओवी तेव्हा आठ वर्षांची होती, दारात आईच्या मागे लपली होती. मग लपेनाशी झाली. मग त्यांना आबा म्हणू लागली, त्यांच्या चष्म्याला बोटं लावू लागली, आणि ते चष्मा पुसत हसू लागले. अनयने विचारलं होतं, "बाबा, असं एकदम कसं?" तेव्हा ते म्हणाले होते, "विचार केला." केला नव्हता. पण आपण विचार केला असणार असं पुढे त्यांनाही वाटायला लागलं. आणि आता कळलं की तो पेरूसुद्धा त्याच खोलीतून आला होता. ते काहीतरी करतात तेवढ्यात इंदापूरच्या बायका आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतात. ओवीने आबा म्हटलं की टाळ्या. आबा हसले की टाळ्या.

गुरुवारी यशोदा नेहमीसारखी निघाली. पिशवीत ठमाबाईसाठी मऊ भात, लिंबाचं लोणचं. "येऊ ना?" ती दारातून म्हणाली. "ये," ते म्हणाले, आणि दिवसभर घरात फिरत राहिले. ती आता एसटीत बसली असेल, आता लासुर्णे मागे पडलं असेल, आता बहिणीच्या उशाशी बसली असेल, आता डोळे मिटले असतील. ती उभी राहून आपल्याबद्दल बोलते आहे असं त्यांना दिसायला लागलं. मालक आता शांत झालेत. मालक आता पोरीला मांडीवर घेतात. प्रयागबाईने साक्ष कुणी दिली म्हणून सांगितलं होतं ते त्यांना आठवलं नाही, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. संध्याकाळी ती परत आली, तिने पाय धुतले, चहा टाकला आणि म्हणाली, "अनयचा फोन होता. रविवारी येतायत. काहीतरी आनंदाची गोष्ट सांगायची आहे म्हणाला." तिचा चेहरा उजळलेला होता. रागावलेल्या माणसाला दुसऱ्याचा आनंद पुरावा वाटतो. नीळकंठरावांना त्या उजळण्यात इंदापूरच दिसलं.

रविवारी ती आली. वाटेत मोरगावला दर्शन घेऊन आल्यामुळे तिघांच्या कपाळाला गुलाल होता. वैदेही सरळ स्वयंपाकघरात गेली. तिला अजूनही सासऱ्यांसमोर बसायला अवघड व्हायचं, पण हल्ली ती त्यांच्या पानात न विचारता लिंबाची फोड ठेवायची, आणि ते न बोलता ती पिळायचे. दोघांत तेवढंच बोलणं होतं, आणि पुरेसं होतं. यशोदेने पुरण घातलं होतं. पानं मांडली, उदबत्ती लावली, सगळी बसली. पहिल्या घासाआधी अनय म्हणाला, "थांबा. ओवी, सांग तू." ओवी उभी राहिली. दहा वर्षांची, दोन वेण्या, पुढचा एक दात नुकताच पूर्ण आलेला. तिने शाळेत कविता म्हणताना बांधतात तसे हात मागे बांधले. "आबा, माझं नाव विचारा." नीळकंठरावांनी विचारलं नाही. तिला वाटलं, आबा गंमत करतायत. "विचारा ना!" मग तिनेच सांगितलं, प्रत्येक शब्दावर थांबत. "ओवी. अनय. रणवरे." अनयने तिला कायद्याने दत्तक घेतलं होतं. कोर्टाचं काम बुधवारीच पुरं झालं होतं. "आता शाळेत पण हेच," ओवी म्हणाली. "आता मी पण तुमच्यातली."

त्यांच्या छातीत काहीतरी हललं. हे पुढे त्यांना फार दिवस आठवणार होतं की ते हललं होतं, नक्की हललं होतं, हात उचलून तिला जवळ ओढायला खांद्यापासून निघालाही होता. आणि त्याच क्षणी त्यांची नजर यशोदेकडे गेली. तिने डोळे मिटले होते आणि दोन्ही हात छातीशी धरले होते. झालं. येत्या गुरुवारी साक्ष. मालकांनी नाव दिलं, रक्ताचं मानलं. टाळ्या. प्रयागबाई मनगट चाचपणार. दाना भरला. त्यांचा हात मांडीवर परत आला. आणि ते बोलले. आवाज चढवून नाही, अगदी शांतपणे, तीस वर्षं टेबलाच्या पलीकडून बोलायचे त्या आवाजात. "आडनाव लावून कुणी घरचं होत नसतं. कोर्ट कागद देतं, रक्त देत नाही. दारातल्या पाटीवर माझं नाव आहे म्हणून उद्या भाडेकरूने म्हणायचं का मी रणवरे?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो पीळ त्यांना आपल्याच आवाजात ऐकू आला आणि पळभर खरंच बरं वाटलं. हे माझं. हे कुणी मागितलेलं नाही. याला कोण टाळ्या वाजवतं ते बघू.

ओवी उभीच होती. हात मागे बांधलेले होते, ते सोडायचं तिला सुचलं नाही. तिने आधी अनयकडे बघितलं, मग आईकडे. आपण कविता चुकलो का असं तिच्या तोंडावर होतं. रडली नाही. "आबा, मग मी कुणातली?" तिने विचारलं. खरंच विचारत होती, तिला माहिती हवी होती. वैदेही उठली, तिने ओवीचा हात धरला आणि तिच्या चपला शोधायला बाहेर गेली. अनय बसल्या जागी बापाकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर नीळकंठरावांना त्याच्याशी झगडता आलं असतं, पण तो नुसता थकलेला दिसला, फार वर्षं वाट बघून गाडी चुकलेला माणूस दिसतो तसा. "मी म्हणत होतो वैदेहीला," तो म्हणाला, "बाबा बदललेत. ती म्हणायची, बदललेत ना, मग का बदलले ते आपण त्यांना पुन्हा विचारायचं नाही. तुम्हाला जपत होतो हो आम्ही." मग आईच्या पाया पडला आणि निघाला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, फाटकाशी जरा थांबल्याचा आला, मग तोही गेला. पाच पानांवर पुरणपोळ्या तशाच होत्या. तुपाची धार गोठायला लागली होती.

यशोदा आवरायला लागली. तिच्या हालचालीत घाई नव्हती. एकेक पान उचलून ती पोळ्या डब्यात ठेवत होती. नीळकंठरावांना वाटलं होतं ती रडेल, किंवा वर्षानुवर्षं दाबलेलं एकदाचं बोलेल. ती बोलेना तेव्हा त्यांनाच राहवेना. "जा आता गुरुवारी," ते म्हणाले. "सांग तुझ्या बायकांना. म्हणावं, एवढी वर्षं मागितलंत, पीक गेलं."

ती थांबली. "कसलं पीक?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्यांचा दवाखाना, प्रयागबाई, साक्ष, टाळ्या. सांगताना आवाज चढत गेला. माझ्या मागे माझी पंचायत. माझ्या घरातलं वाक्य तिकडच्या भिंतीला. मी काही भलं केलं तर ते तुमच्या देवाचं, आणि वाईट केलं तेवढं माझं. ती ऐकत होती, डब्याचं झाकण हातात धरून. त्यांचं संपल्यावर तिने झाकण लावलं.

"अक्का मागत असेल," ती म्हणाली. "प्रयागबाई पण. त्यांची सवय आहे, एकदा नाव घेतलं की सोडत नाहीत. मी नव्हते मागत."

"खोटं बोलू नकोस."

"आधी मागायचे. लग्नानंतर, ते तुम्ही बोललात त्यानंतर. वर्षभर मागितलं असेल, जास्तच. मग सोडलं." ती पाटावर बसली. साठी उलटलेली बाई, गुडघे धरून, सावकाश. "एका गुरुवारी सगळ्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि मी म्हटलं, देवा, ह्यांचं राहू दे. ह्या माणसात काही उगवायचं नाही. मला तेवढं ह्यांच्याबरोबर म्हातारं व्हायचं बळ दे. त्यानंतर तुमचं नाव मी कधी घेतलं नाही. कुठल्याच देवापुढे नाही. इथल्याही नाही."

पंख्याचा आवाज येत होता.

"मग बऱ्याच दिवसांनी तुम्ही फोन केलात. मी आत भांडी पुसत होते. 'सगळी या' म्हणालात ते मी ऐकलं. हातातलं पातेलं खाली ठेवायची भीती वाटली मला, आवाज होईल म्हणून. तिकडे अक्काने साक्ष दिली, टाळ्या झाल्या, मी नाही वाजवली. मला माहीत होतं ना, मी मागितलं नव्हतं. मी तर सोडून दिलं होतं. मग हे आलं कुठून? मला एवढंच कळलं की हे तुमचं आहे. कुणी न पेरता आलंय. म्हणून तुम्हाला कधी काही विचारलं नाही. आज पोरीने नाव सांगितलं तेव्हा मी डोळे मिटले, का ते सांगू? तुम्ही तिला जवळ घेताना मी बघत होते असं तुम्हाला वाटायला नको म्हणून."

बारा-पंधरा वर्षांपूर्वी हीच बाई त्यांच्या एका हाकेने दचकायची, आणि आज तिच्यासमोर आपल्याला उठून उभंही राहता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ती खोटं बोलते आहे का, हे ते तिच्या चेहऱ्यावर शोधू लागले. तिथे काही लपवलेलं नव्हतं. तिथे फक्त एक बाई होती, जिने आज सकाळी लवकर उठून पुरण वाटलं होतं. "मग ते माझंच होतं," ते पुटपुटले. त्यांनी ते विचारलं की सांगितलं, त्यांनाच कळलं नाही.

"तुमचंच होतं हो," यशोदा म्हणाली. "सगळं तुमचं होतं."

बाहेर कुणीतरी फाटक वाजवल्यासारखं झालं. दोघांनी मान वळवली. वारा होता. नीळकंठरावांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला, पण पाणी घेतलं नाही. कुणाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती. मागणारी माणसं त्यांच्या दारात उभी राहायची आणि ते त्यांना तिष्ठत ठेवायचे. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"यशोदा," ते म्हणाले, "आता परत मागशील?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही, प्रेमानेही नाही, खरं काय ते सांगायला माणूस थांबतो तशी. मग डबा उचलून ती उठली.

"मागेन की," ती म्हणाली. "ओवीसाठी."